कारभाऱ्यांसाठी एक पान

पहिल्या तालमीत कारभाऱ्याने सावळण गावाकडे अकरा बोटी धाडल्या. सोबत दोन रुग्णवाहिका, पिण्याच्या पाण्याचा टँकर आणि वरून शोध घेणारी चार ड्रोन. अर्थात हे सगळं पडद्यावरच. तालीम म्हणजे लुटुपुटूची धाव. तरी हेमांगी परबला हसू आवरेना. तिने पानावर एकच ओळ लिहिली होती : ‘मार्गशीर्षात तीन दिवस सावळण गाव रिकामा होतो.’ ती वाचून कारभाऱ्याला वाटलं, पूर आला.

त्याची तरी काय चूक? गाव रिकामा होतो तो पुराने, आगीने, नाहीतर साथीने. देवाने कौल दिला म्हणून चुली विझवून, दारं ओढून घेऊन, गुरं-कोंबड्या-मांजरांसकट अख्खा गाव शिवेबाहेर पडतो, तीन दिवस झावळ्यांच्या खोपींत राहतो आणि पुन्हा कौल मिळाला की घरी परततो, हे यंत्राने वाचलेल्या कोट्यवधी पानांत असेलही कुठे. पण खाडीत टाकलेल्या मिठाच्या खड्यासारखं. आहे, पण चव लागत नाही.

हेमांगीचं कामच हे होतं, चव लागेल असं लिहिणं.

‘मांडणी’ नावाचं एक साधन होतं. गावातल्या सगळ्या बटणांची ती वही समजा. नळपाण्याचा पंप, रस्त्यावरचे दिवे, आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रिज, मोबाइलचा टॉवर, धक्क्यावरचा भोंगा; कुठलं यंत्र कधी जागं होईल, किती चालेल, कधी निजेल, ते सगळं त्या वहीत. पूर्वी हे एका वायरमनच्या आणि एका पाणीवाल्याच्या डोक्यात असायचं. आता ते कारभारी बघत. कंपनीच्या भाषेत एजंट, पण सावळणात सगळे कारभारीच म्हणत. स्वतः वाचणारे, स्वतः ठरवणारे, पापणी लवायच्या आत शंभर बटणं फिरवणारे. त्यांची एकच अडचण होती. कारभाऱ्याला कालचं आठवत नसे. प्रत्येक वेळी जागा झाला की तो त्या गावाचं पान पहिल्यांदा वाचायचा आणि मग हात चालवायचा. रोज सकाळी नव्याने माप ओलांडून घरात येणारी सून समजा. तिला रोज सांगावं लागणार, मीठ कुठे आहे आणि सासऱ्यांच्या ताटात ते का वाढायचं नाही.

माणसांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत काही राहून गेलं तर माणूस शेजाऱ्याला विचारतो. कारभाऱ्याला शेजार नाही. पानावर नाही ते जगात नाही. नऊ वर्षं अशी पानं लिहून हेमांगी दोन गोष्टी शिकली होती. ओळ जात्यावरच्या ओवीएवढी असावी, एका दमात मावणारी. आणि हुकमाशेजारी कारण असावं. नुसता हुकूम न ठरलेल्या दिवशी काडीसारखा मोडतो. कारण दिलं की तोच हुकूम वेतासारखा वाकतो.

सावळणचं पान तिच्याकडे आलं ते ती गावचं चेडू, गावची लेक, म्हणून. मागच्या पळणीत, म्हणजे गाव सोडून जाण्याच्या या रीतीत, तीन वर्षांपूर्वी विचित्र झालं होतं. लोक खोपींत जाऊन टेकतात न टेकतात तोच मागे रिकाम्या गावात दिवे आपोआप लागले. नळांना पाणी आलं. खोपींवर ड्रोन येऊन, घाबरू नका, मदत येत आहे, असं गोड आवाजात सांगत घिरट्या घालू लागले. कौल लावणारे भिवा घाडी तेव्हा देवळाच्या दिशेला तोंड करून बराच वेळ उभे होते. म्हणाले, देव उंबऱ्यापर्यंत इलो आणि उजेड बघून मागे फिरलो. तरण्या पोरांत कुजबुज सुरू झाली की आता हे बंदच करावं. तेव्हा ग्रामसभेत ठरलं, या खेपेस यंत्रांनीही पळायचं. तीन दिवस गावात एकही यंत्र जागं राहता कामा नये. आणि ही पळण नीट झाली नाही, तर पुढे कौल लावायचा नाही.

हेमांगी पुण्याहून आली आणि कारण गोळा करत फिरली. का पळायचं? कोणी म्हणालं, त्या दिवसांत देव गावात शिकारीला निघतो. कोणी म्हणालं, मातीला विसावा. कोणी म्हणालं, रोगाला धरायला माणूस मिळत नाही, तो उपाशी मरतो. तिची मंदावैनी भाकरी थापता थापता म्हणाली, की घर बिचारं बारा महिने माणसांच्या तालावर नाचतं. तीन दिवस घराला नुसतं घर होऊ द्यावं.

हेमांगीने लिहिलं : ‘तीन दिवस गाव आपला नसतो. कोणाचा असतो ते विचारू नये. आपण त्या घरचे पाहुणेही नसतो; म्हणून एकही दिवा, एकही आवाज मागे ठेवू नये.’

दुसऱ्या तालमीत कारभाऱ्याने बोटी धाडल्या नाहीत. पडद्यावरचा सावळण हळूहळू मावळू लागला. आधी धक्क्यावरचे दिवे गेले, मग तेलीवाडी, मग शाळा, मग टॉवर. परडीतली फुलं एकेक करून पाण्यात सोडावीत तसा गाव काळोखात उतरत गेला. हेमांगीला आपलेच डोळे मिटत असल्यासारखं वाटलं. मग अगदी वरच्या कोपऱ्यात, उतारावर, एक तांबडा ठिपका उरला. त्याखाली कारभाऱ्याचं टिपण उमटलं.

‘शिवेच्या आत विजेवर जगणारं कोणी आहे का? पान म्हणतं, नाही. घर क्रमांक एकेचाळीसमधलं एक यंत्र म्हणतं, आहे. त्या यंत्राने तीन वेळा हाक दिली. मी पानावर विश्वास ठेवला. हाका खोट्या धरल्या.’

ठिपका विझला.

एकेचाळीस नंबरच्या घरातच ती बसली होती. पलीकडच्या खोलीत तिच्या वडलांचं, गुणाजी परबांचं, प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं. भुंगा बंद कळीत अडकावा तसं. चाळीस वर्षं, आधी दुसऱ्यांच्या आणि मग स्वतःच्या, जांभ्या चिऱ्याच्या खाणी खणून गुणाजीच्या छातीत तांबडी धूळ बसली होती. आता नाकाला नळी होती, आणि अंथरुणावर नुसतं उठवून बसवलं तरी ओठ निळे पडत. मागच्या खेपेला स्वतःच्या पायांनी खोपीत गेलेला माणूस. या खेपेला डॉक्टरांनी, उचलून ओढ्यापलीकडे न्यायचं नाव काढू नका, असं बजावलं होतं.

तिने सरपंच उज्ज्वला तेलींना गाठलं. देवळाच्या मांडवात दोन-चार जुने गावकरही होते. तिने सगळं मांडलं. कोणाला नवल वाटलं नाही. उज्ज्वलाताईंनी तिला बाजूला घेतलं आणि समजावलं की परबांकडे म्हातारा मागे राहणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, मोठी बॅटरी आणून ठेवा, मंदा राहील जवळ, कोणी त्या बाजूला बघायचं नाही. हेमांगी म्हणाली, मग तसं पानावर लिहिते.

तेव्हा बाबल गावकर पान चघळायचे थांबले.

“लिवू नको गो बाये. नाय लिवला तर देवय डोळे मिटून घेता. लिवला काय ता झाला.”

ती त्यांना सांगत राहिली. बॅटरी श्वास देईल, पण यंत्राने हाक मारली तर ऐकणार कोण? पानावर नाही म्हणजे रुग्णवाहिकेच्या कारभाऱ्यालाही तो माणूस नाही. आणि लिहिलं, तर? पान उघडं असतं, वीज-पाणी-आरोग्य सगळ्यांचे कारभारी वाचतात, ग्रामसभेत ते मोठ्याने वाचायचं असतं. ‘एक माणूस मागे राहतो’ असं वाचलं गेलं की भिवा घाडी कौलाला हात लावणार नाहीत. एकाला सूट दिलेली पळण ती पळणच नव्हे. आज एक, पुढल्या खेपेला दहा. शेकडो वर्षांची रीत परबांच्या उंबऱ्यावर येऊन संपणार.

घरी आली तर बातमी तिच्या आधी पोचलेली. गुणाजी छताकडे बघत पडला होता.

“माझा नाव त्या पानार घालू नको,” तो म्हणाला. दोन शब्दांत एक श्वास. “भिव्याक आयता मिळात. म्हणतलो, बगा, परबान आदी रान खाल्ल्यान, आता पळण खाल्ल्यान.”

मंदावैनीने त्याला गप्प राहायला सांगितलं. पण ते वैर हेमांगीला पाठ होतं. बावीस वर्षांपूर्वी गुणाजीने घरामागच्या उतारावर खाण उघडली. भिवा घाडी म्हणाले, ही जमीन शिवेच्या आतली, देवाच्या राईची, हिला पहार लावायची नाही. गुणाजी म्हणाला, शीव माझ्या घराच्या अलीकडून जाते, खाण बाहेर आहे. दोघेही लहानपणी एकाच माडावर चढलेले. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोघांच्या पानांमध्ये तिसरं पान मांडावं लागे.

“बाबा, नाव नाय घातलंय तर तुमची हाक कोण आयकतलो?”

“नाय आयकली तर नाय.” त्याने डोळे मिटले. “माझ्यापायी पळण मोडली, असा नको ऱ्हवाक. ताच आयक.”

त्या संध्याकाळी हेमांगी खाणीच्या काठावर जाऊन बसली. खाली तासलेला तांबडा चौक, कापलेल्या कलिंगडासारखा. उन्हं उतरत होती तसा तो आतून पेटत होता. बापाचा श्वास की बापाचा शब्द? नऊ वर्षं तिने यंत्रांना कारणं लिहून दिली होती. स्वतःसाठी तिला एक ओळ सुचत नव्हती. गावातून फुगडीचा सराव चालल्याचा आवाज येत होता, खोपींत म्हणायच्या गाण्यांचा :

गाव निजलो गे बाये, गाव निजलो,
दारातलो माड उभ्या उभ्या भिजलो.
माड माजो भिजलो, शिवेर थांबलो,
पाऊल पडात थय रस्तो लांबलो.

ती ऐकत राहिली. मग उठली आणि पानावर अजून काय लिहायचं राहिलंय याचा विचार करू लागली. ‘शिवेच्या आत’ असं तिने चार ठिकाणी लिहिलं होतं. पण शीव कुठे आहे, ते एकदाही लिहिलं नव्हतं. कारभाऱ्याने ती आपली आपण सरकारी नकाशावरून घेतली होती.

सकाळी ती भिवा घाड्यांच्या दारात गेली. ते तांदूळ निवडत होते. तिला बघून त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

“बापाशीन धाडल्यान?”

“नाय. पान लिवतंय. शीम खय असा ता विचारूक इलंय.”

हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. हेमांगीने नकाशा पुढे केला, तो त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला.

“ह्यो तलाठ्याचो. पळणीची शीम माझ्या पायांची. त्या सकाळी मुठीत तांदूळ घेतंय नि चलाक लागतंय. खय वळाचा ता पाय सांगतत. माझ्या बापाशीची वाट येगळी, माझी येगळी.”

“दर खेपेक एकच येता?”

“ओढ्यान ओढ्यान जातंय. पण आधी ठरवून कधी गेलंय नाय.”

तिने तिथेच, त्यांच्या ओटीवर बसून लिहिलं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ‘शीव नकाशावरून घेऊ नये. पळणीच्या सकाळी घाडी चालतील ती शीव. कारण : शीव मोजलेली नसते, चाललेली असते.’ भिवा घाड्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी सावकाश मान डोलावली.

मग तिने पुढची ओळही वाचली. ती तिने रात्रभर टाळली होती. ‘शिवेच्या आत विजेवर जगणारं कोणी उरलं, तर दिवे मालवू नयेत. पळण थांबवावी आणि घाड्यांना तसं सांगावं. कारण : श्वास रीतीच्या आधी येतो.’ कोणाचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

परसात एक कोंबडी माती उकरत होती.

“ह्या कोणासाठी, ता माका कळता,” घाडी म्हणाले.

“कळूकच होया. तुमच्यापासून लपवून ठेवूचा नव्हता, म्हणान वाचलंय.”

“माका वळ म्हणतंस?”

“नाय, भिवाकाका. मी सांगलंय म्हणान वळलास तर ती शीम कसली? तुमी चला. खयही चला. कारभारी तुमच्याच वाटेन येतलो. तेका दुसरी वाट म्हायत नाय.”

तिने दिलेलं सुपारीएवढं यंत्र, जिथे पाऊल पडेल तिथली जागा कळवणारं, त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. ग्रामसभेत दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या गेल्या. बाबल गावकर घाड्यांकडे बघत होते. घाडी खांबाकडे.

पळणीची सकाळ धुक्याची होती. ढोल वाजला, आणि सावळण उठून चालू लागला. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, काखेत कोंबड्या. एक म्हातारी पिंजऱ्यातल्या पोपटाला वाटेतलं एकेक झाड दाखवत होती. मंदावैनी आधीच्या दिवशीच पोरांना घेऊन पुढे गेली होती. हेमांगी मात्र वडलांच्या अंथरुणाशी बसून राहिली, मांडीवर पडदा घेऊन. दाराशी कोणी थांबलं नाही. जाताना लोक घरासमोर पावलं हळू करत, इतकंच.

पडद्यावर पांढरा धागा उमटू लागला. भिवा घाडी चालत होते. धागा देवळापासून निघाला, खाडीच्या काठाने गेला, तेलीवाडीला वळसा घालून ओढ्याला लागला. नेहमीचीच वाट. ओढ्याने तो तसाच पुढे गेला असता तर एकेचाळीस नंबरचं घर आत राहणार होतं. मग कारभारी दिवे मालवणार नव्हता. मग सगळ्या गावासमोर, बोचक्यांसकट, पळण थांबणार होती.

“खय पोचलो?” गुणाजीने विचारलं.

“ओढ्यार. आपल्या उताराखाली.”

धागा थांबला.

एक मिनिट गेलं. पाच गेली. खालून ढोल बंद झाल्याचं कळलं. गुणाजीचा श्वास आणि यंत्राची घुरघूर यांच्यामध्ये नुसतं धुकं होतं. हेमांगीच्या डोळ्यांपुढे तो म्हातारा दिसत होता, ओढ्याच्या दगडावर उभा, मुठीतले तांदूळ घामाने ओले झालेले. इकडे वळायचं म्हणजे बावीस वर्षांपूर्वी गुणाजी बरोबर होता असं पायांनी म्हणायचं. आणि ते आता पानावर चढणार, वीज, पाणी, आरोग्य, सगळे वाचणार. तिला वाटलं, धावत जाऊन सांगावं, राहू दे काका. पण पाय हलले नाहीत. ही वाट त्यांची होती.

अकराव्या मिनिटाला धागा उतार चढू लागला.

तो सरळ चढला नाही. मध्ये मध्ये अडखळला, एका ठिकाणी खाली घसरून पुन्हा वर आला. मग बाहेर काठीचा आवाज आला, पडद्यावर नव्हे, खरोखरीचा. अंगणाच्या गावाकडच्या कडेने, कुंपणाच्या चिरेबंदी गडग्यालगत, कोणी दमलेलं माणूस चालत होतं. तांदळाचे दाणे गडग्यावर पडल्याचा बारीक आवाज झाला. गुणाजीने मान वळवली नाही, पण त्याच्या हाताने हेमांगीचं मनगट घट्ट धरलं होतं. पावलं घरापुढून गेली आणि रानात विरली.

धागा देवळाशी जाऊन मिळाला. कारभाऱ्याने विचारलं :

‘शीव पूर्ण झाली. घर क्रमांक एकेचाळीस आणि त्यामागची खाण शिवेबाहेर आहे. शिवेच्या आत कोणी नाही. गाव मालवू का?’

“मालव,” हेमांगी म्हणाली. आणि मग, यंत्राला कोणी म्हणत नाही तरी, लेकराला म्हणावं तसं, “बाबा.”

खाली सावळण निजला. टॉवर, पंप, फ्रिज, भोंगा. कित्येक वर्षांत ऐकू आला नव्हता असा एक मोठा, मऊ निवांतपणा उतारावरून वर येऊ लागला. वारा माडामाडांतून कसा वेगवेगळा वाहतो, ते वेगळं कळू लागलं. एकेचाळीस नंबरच्या घरात तेवढं यंत्र घुरघुरत होतं, उजळ माथ्याने. त्याची हाक आता खरी होती.

तासाभराने अंगणात गलबला झाला. मंदावैनी पोरांना घेऊन आली, मागे तेली, मागे गावकर. उज्ज्वलाताईंनी कपाळाचा घाम पुसत सांगितलं, की अहो, ओढ्यापलीकडे चिखल आहे आणि तुमची खाण शिवेबाहेर. एवढी कोरडी, सपाट जागा सोडून कुठे जायचं? दुपारपर्यंत खाणीच्या तांबड्या चौकात चाळीसेक खोपी उभ्या राहिल्या. तीन दगडांच्या चुलींचा धूर वर येऊ लागला. पोपटवाल्या म्हातारीने पिंजरा गुणाजीच्या खिडकीत टांगला आणि न विचारता निघून गेली. ज्याच्याकडे गाव बघायचंही टाळणार होता, त्याच्या दाराशी गाव पाणी मागत होता.

घाड्याची खोप रीतीप्रमाणे शिवेला टेकून हवी. शीव गुणाजीच्या अंगणाच्या कडेने गेली होती. म्हणून भिवा घाडी अंगणात आले, गडग्याजवळ वाकले आणि खुंटी ठोकू लागले. खिडकी चार हातांवर होती. सगळं अंगण एकदम कामाला लागल्यासारखं झालं. कोणी तिकडे पाहत नव्हतं आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते.

“भिव्या,” खिडकीतून आवाज आला. “खाण भायर गेली मगे?”

ठोकणं थांबलं. घाड्यांनी वर पाहिलं नाही.

“तीन दिसांपुरती.”

आत खोकल्याची उबळ आली, ती हसण्याची होती हे हेमांगीला उशिरा कळलं. यंत्राने जोर धरला, मग पुन्हा शांत झालं.

“तितके माका खूप झाले,” गुणाजी म्हणाला. “आत ये. उन्नात काय मरतंस?”

भिवा घाड्यांनी दगड खाली टाकला, हात धोतराला पुसले आणि उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. खोलीत खुर्ची नव्हती. गुणाजीने एकेक करत, दम खात, आपले दोन्ही पाय आखडून घेतले आणि अंथरुणाच्या पायथ्याशी बसायला जागा केली.